अर्धं तारण

आमच्या मंडळीत देव कुणावर प्रेम करतो आणि कुणावर नाही, हे सात माणसं ठरवायची. त्यांना वडील म्हणत. त्यांतले एक घड्याळं दुरुस्त करायचे, एकाचं लाकडाचं गोदाम होतं, एक निवृत्त हेडमास्तर होते आणि बाकीचे मान डोलवायला होते. हे मी चेष्टेने सांगते आहे, कारण रडत सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

बाहेरच्या माणसाला हे जरा फोड करून सांगायला हवं. आमच्या चर्चची शिकवण अशी, की देवाने जग घडवायच्या आधीच ठरवून ठेवलं आहे, कोण तरणार आणि कोण नाही. त्यात माणसाच्या हातात काडीचंही काही नाही. मात्र ज्याला निवडलं आहे त्याला आयुष्यात कधीतरी त्याची खूण मिळते. ती खूण वडिलांसमोर जाऊन सांगायची, तिला साक्ष म्हणायचं. साक्ष वडिलांना पटली, की माणूस प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटून घ्यायच्या, मेजाला बसायला मोकळा. नाही पटली, तर त्याने मागच्या बाकांवर बसून बघायचं. तीनेकशे माणसांच्या मंडळीत मेजाला बसणारी जेमतेम तीस. बाकीची लग्नं करायची, मुलं वाढवायची, वर्गणी द्यायची, म्हातारी व्हायची आणि मागच्या बाकावरून उठून थेट कबरस्तानात जायची. तरी चर्च सोडून कुणी जात नसे. कुणी रागावलंच, तर तो राग म्हणजेच त्याला निवडलेलं नसल्याचा पुरावा, असं हेडमास्तर सांगायचे. मग रागवायचीही सोय उरत नसे.

माझी आई मेजाला बसायची. माझी मावशी त्या मेजावरची चादर धुवायची.

चर्चच्या मागच्या गल्लीत मावशीची लॉंड्री होती. पुढे काउंटर, त्यामागे इस्त्रीचं लांब टेबल, आणि मागे दोन हौद आणि दोऱ्या बांधलेलं अंगण. ती मूळची तिथे कामाला होती. मालकीणबाई म्हाताऱ्या झाल्या आणि दुकान तिच्या हातात देऊन गेल्या. मावशी ठेंगणी, दंडाने भक्कम, बोटांची टोकं सोड्याने सोललेली. बोलणं तिरकं. गिऱ्हाइकाचा सदरा उजेडात धरून ती विचारायची, "हा डाग कसला, ते तुम्ही सांगता की मी सांगू?" आणि भलीभली माणसं तिथे निमूटपणे खरं बोलायची. घड्याळवाले वडील उपदेश चालू असताना झोपतात, हे तिला त्यांच्या कॉलरवरून माहीत होतं. पण ती हे कुणाला बोलायची नाही. मला सोडून.

प्रभुभोजन वर्षातून चार वेळा. त्याच्या आधीचा आठवडा मावशीला दुसरं काही सुचायचं नाही. चादर मेजाएवढी, म्हणजे माणसांच्या दोन रांगा समोरासमोर बसतील एवढी लांब. ती निळीत काढायची, पातळ खळ द्यायची, अर्धवट ओली असताना गुंडाळून ठेवायची आणि मग उलट्या बाजूने इस्त्री करायची. घडी घालायची नाही. मेजावर घडीची रेघ दिसली की हेडमास्तरांचं डोकं उठायचं, म्हणून ती चादर जाड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळायची. शनिवारी दुपारी ती सुरळी खांद्यावर टाकून मागच्या दाराने चर्चमध्ये जायची, चादर अंथरायची, दोन्ही टोकं सारखी लोंबतात ना ते वाकून बघायची. आणि रविवारी अगदी शेवटच्या बाकावर बसून, लोक चादरीवरून प्याला कसा फिरवतात, ते डोळ्यांत तेल घालून बघत राहायची.

"हेडमास्तरांचा हात आज जास्तच थरथरतोय," ती माझ्या कानात कुजबुजायची. "थंड पाणी आणि मीठ, लगेच. एकदा त्यावर गरम इस्त्री फिरली, की डाग जन्माचा बसला म्हणून समज." लहान होते तेव्हा मला वाटायचं, प्रभुभोजन म्हणजे डाग पडतो की नाही ते बघायचा कार्यक्रम.

आईचं सगळं वेगळं होतं. आईची साक्ष आमच्या मंडळीत प्रसिद्ध होती. तिच्या जोरावर तर गोदामवाल्या वडिलांनी तिला सून करून घेतलं. ते माझे आजोबा. दर वर्षी वार्षिक सभेत तिला उभं करायचे आणि ती तेच, त्याच शब्दांत सांगायची. ती सतरा वर्षांची होती. दुपारची वेळ, वारा सुटलेला. दोरीवरच्या चादरी काढत असताना एक मोठी पांढरी चादर उडाली आणि तिच्याभोवती गुंडाळली गेली. आत सगळं पांढरं. बाहेरचं काही दिसेना, काही ऐकू येईना. आणि तिला एकदम कळलं, की आपल्याला कुणीतरी ओळखतं. आपण जन्मायच्याही आधीपासून. इथे आई थांबायची. पुढच्या बाकांवर रुमाल निघायचे. मला ती थांबायची जागासुद्धा पाठ होती.

पुढे मी शाळेत शिकवायला लागले, तरी शनिवारी मावशीकडे हाताखाली जायचे. तिशी ओलांडली होती माझी तेव्हा. एका शनिवारी अंगणात दोघी दोरीवरचे कपडे काढत होतो आणि वारा भलताच होता. एक चादर फडफडली आणि माझ्या डोक्यावरून खाली येऊन गुंडाळलीच. मी आतूनच ओरडले, "मावशी, बघ! आईसारखं मलासुद्धा तारण मिळालं!"

मावशी हसायला लागली. इतकी हसली, की तिला खोकल्याची उबळ आली आणि हौदाच्या कठड्यावर बसावं लागलं. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "अगं, तुझ्या आईने जन्मात कधी चादर वाळत घातली आहे का?"

मी चादरीतून डोकं बाहेर काढलं. सतराव्या वर्षी आई बटणांच्या दुकानात काउंटरवर होती. घरातले कपडेसुद्धा कायम मावशीकडे. हे मला पहिल्यापासून माहीत होतं आणि आईची साक्षही पहिल्यापासून पाठ होती. दोन्ही शेजारी ठेवून कधी बघितलंच नव्हतं. मंडळीतल्या तीनशे जणांपैकी कुणीही बघितलं नव्हतं.

"मग ती चादर कुणाच्या अंगावर आली होती?" मी विचारलं.

"माझ्या. आणि तू आधी बाहेर ये त्यातून, चुरगळते आहे."

मग तिने सांगितलं. वडिलांसमोर जायच्या आदल्या संध्याकाळी दोघी बहिणी घराच्या पायरीवर बसून बुटांना पॉलिश करत होत्या. आई घाबरली होती; काय सांगायचं ते तिला कळत नव्हतं. मावशीने तिला धीर द्यायला म्हणून आपल्याला काय झालं ते सांगितलं. चादर, वारा, आतलं पांढरं, सगळं. दुसऱ्या दिवशी वडिलांनी वयाप्रमाणे बोलावलं. आई थोरली, ती आधी आत गेली. मावशी बाहेर बाकावर बसली होती. दार नीट लागत नसे. आणि त्या फटीतून मावशीला आपलीच चादर ऐकू आली.

"आणि तू गप्प बसलीस?" मी जवळजवळ ओरडलेच.

"काय करणार होते? आत जाऊन म्हणू, आत्ता बहिणीने सांगितलं ते माझं आहे? वर मीच चोर ठरले असते. घड्याळवाल्यांनी विचारलं, तू निवडलेली आहेस हे तुला कशावरून कळलं? मी म्हटलं, मला माहीत नाही. ते म्हणाले, मग कळेल तेव्हा ये." मावशीने चिमटे टोपलीत टाकले. "तेव्हापासून वाट बघते आहे."

"पण तुला तर कळलेलंच होतं!"

"हे बघ, मी त्याचा खूप विचार केलाय. देवाला मी हवी असते, तर त्याने मला आधी आत पाठवलं असतं. आत जायचा नंबर वयाने लागला. तिला थोरली कुणी केलं? त्यानेच ना? मग झालं तर. कधीकधी टपाल आपल्या दारात पडतं, पण नाव शेजारच्याचं असतं. तसं असेल ते."

याला काय म्हणायचं? एखाद्याचं पाकीट मारलं तर तो पोलिसात जातो. माझ्या मावशीने पाकीट मारणाऱ्यात देवाची इच्छा शोधली आणि चाळीस वर्षं त्यावर विश्वास ठेवून कपडे धुतले. बेकरीवाल्याचा मुलगा तिला मागणी घालणार होता. त्याच्या आईने एवढंच विचारलं, मुलगी मेजाला बसते का? बसत नव्हती. तिथेच ते बारगळलं. हे सांगतानाही ती आईबद्दल एक वाकडा शब्द बोलली नाही, आणि मला त्याचाच सगळ्यात जास्त संताप आला. "ताईला यातलं एक अक्षर बोलायचं नाही," तिने मला दम दिला, आणि मी तेव्हा तरी ऐकलं.

मग तरुण पाळक आले. गोरेगोमटे, हसतमुख, हात पसरून बोलायची सवय. पहिल्याच महिन्यात त्यांनी उपदेशात सांगून टाकलं, की देवाचं प्रेम सगळ्यांवर सारखं आहे. त्यात थोरलं-धाकटं नाही, आवडतं-नावडतं नाही, कुणाला जन्माआधीच वगळलेलं नाही. घड्याळवाले वडील खाडकन जागे झाले.

मंडळीची दोन शकलं झाली. मी मनातल्या मनात त्यांची नावं ठेवली होती, निवडवाले आणि सारखेवाले. निवडवाल्यांचं म्हणणं, देव जर सगळ्यांवर सारखंच प्रेम करतो तर मग नरकात कोण जातं, आणि जात असेल तर ते प्रेम काय कामाचं? सारखेवाल्यांचं म्हणणं, निम्म्याहून जास्त लेकरांना जन्माआधीच टाकून देणाऱ्याला बाप म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने? दोन्ही बाजू बिनतोड होत्या, म्हणून भांडण मिटत नव्हतं. भावाभावांत हमरीतुमरी झाली. एका घरात तर नवरा-बायको वेगवेगळ्या दारांनी चर्चमध्ये शिरायला लागले. आणि कपडे टाकायला दोन्ही पक्ष मावशीच्याच काउंटरवर यायचे. तिथे एकमेकांवर तोंडसुख घ्यायचे, आणि जाताना म्हणायचे, "शुक्रवारपर्यंत मिळेल ना?" तुझं काय मत आहे, असं तिला एकानेही विचारलं नाही. निवडवाल्यांची पुढारी अर्थातच माझी आई होती. तिच्याकडे साक्ष होती ना.

पाळकांनी जाहीर केलं, की येत्या प्रभुभोजनाला मेज सगळ्यांसाठी खुलं राहील. आणि ते स्वतः मावशीकडे आले. मी तेव्हा तिथे पावत्या लावत होते.

"मावशी, या वेळी तुम्हीही मेजाला बसायचं," ते म्हणाले. "देवाचं तुमच्यावर प्रेम आहे."

मावशी इस्त्री करत होती. तिने हात थांबवला नाही. "किती?"

"किती म्हणजे? सगळ्यांवर आहे तितकंच. सारखं."

"म्हणजे माझ्या बहिणीवर आहे तेवढंच?"

"अगदी तेवढंच."

"आधीपासून?"

"आधीपासून."

आता मावशीने इस्त्री उभी करून ठेवली. "पाळकसाहेब, मी चाळीस वर्षं मागच्या बाकावर बसले. देवाने मला घेतलं नाही, तर त्याचं काही कारण असेल, म्हटलं. तो देव आहे. पण तुम्ही म्हणता त्याला मी आधीपासून चालत होते. म्हणजे कुणी अडवलंच नव्हतं. मग ही चाळीस वर्षं कशापायी गेली माझी? नुसतीच गेली?"

पाळकांचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. ते काहीतरी पुटपुटले, माणसांच्या चुका वगैरे. मावशीने त्यांचा झगा घडी करून दिला आणि म्हणाली, "बाहीची शिवण उसवली आहे, तेवढी घालून घ्या." ते गेल्यावर ती मला म्हणाली, "चांगला मुलगा आहे. पण त्याच्या देवापेक्षा मला ताईचा देव बरा वाटतो. त्याने निदान विचार करून मला नाकारलं."

तिचा खोकला तेव्हा वाढलेला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की छातीचं दुखणं आहे, वाफ आणि सोडा यांनी आतून सगळं खराब झालंय, फार आशा धरू नका. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. मावशीने एकदा तरी त्या मेजाला बसायला हवं. देव निवडो की न निवडो, सारखं प्रेम करो की कमीजास्त. मला तिला तिने धुतलेल्या चादरीसमोर बसलेलं बघायचं होतं. मी तिच्यामागे लकडाच लावला. शेवटी ती वैतागून म्हणाली, "ताई बोलवायला आली, तर बसेन." तिला वाटलं, आता माझं तोंड बंद होईल.

मी तडक आईकडे गेले. ती स्वयंपाकघरात ताटल्या पुसत होती. मी उभ्या उभ्या सगळं तिच्या तोंडावर फेकलं. चादर, पायरी, पॉलिश, दाराची फट. आईचा चेहरा पडला नाही. मला वाटतं, ती या दिवसाची रोज वाट बघत होती आणि तिचं उत्तर तयार होतं.

"शास्त्रातले ते दोन भाऊ आठव," ती म्हणाली. "एकाने हाताला केसाळ कातडं बांधून आंधळ्या बापाला फसवलं आणि भावाचा आशीर्वाद लाटला. देवाने प्रेम कुणावर केलं? फसवणाऱ्यावर. ते आधीच ठरलेलं होतं."

"म्हणजे तुला चोरी देवाने करायला लावली?"

"मी असं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंस?"

ती तीच ताटली पुसत राहिली. मग एकदम खुर्चीवर बसली. "आत गेले तर समोर सातजण. आणि माझ्याकडे काहीच नव्हतं गं. मला कधी काही झालंच नाही. ना चादर, ना वारा. तेव्हाही नाही आणि अजूनही नाही. दर वेळी मेजाला बसते आणि वाटतं, आता प्याला हातात येईल आणि वरून कुणीतरी म्हणेल, ऊठ तिथून."

मला तिची कीव आली असं मी म्हणणार नाही. आली असेल थोडी. पण तेवढ्याने मावशीची चाळीस वर्षं परत येत नव्हती. मी म्हटलं, "वडिलांना जाऊन सांग." ती नाही म्हणाली. "मंडळी आधीच फुटली आहे. माझ्याच साक्षीवर ते लोक टिकून आहेत." मी म्हटलं, "मग निदान तिला बोलाव." तिने ताटली बाजूला ठेवली. मग उठून तिने चपला घातल्या.

आई लॉंड्रीत कित्येक वर्षांत आली नव्हती; तिचे कपडे मीच नेऊन टाकायचे. ती काउंटरच्या अलीकडे गिऱ्हाइकासारखी उभी राहिली. "रविवारी ये," ती म्हणाली. "माझ्या शेजारी जागा ठेवते." माफी नाही, काही नाही. पण मावशीचा चेहरा असा उजळला, की मला मान वळवावी लागली. "बघते, जमलं तर," ती म्हणाली, आणि आई गेल्यावर तिने एकच उशीचा अभ्रा तीनदा इस्त्री केला.

शनिवारी सुरळी मी उचलली. तिला आता झेपत नव्हती. चादर अंथरून झाल्यावर रिकाम्या चर्चमध्ये ती एका खुर्चीवर जरा टेकली, आणि कोपर लागून चादर चुरगळेल म्हणून लगेच उठली.

रविवारी मेज भरलं. सारखेवाल्यांनी आणखी दोन बाकं आणून जोडली होती. निवडवाले आले ते जागा सोडायची नाही म्हणून आले. मी मात्र मागे बसले. मला त्या मेजाशी काही देणंघेणं नव्हतं, मला मावशी बघायची होती. ती आईच्या शेजारी बसली होती, हात मांडीवर, चादरीपासून लांब. भाकर फिरली. मावशीने तुकडा घेतला आणि तो तिने खूप वेळ चावला.

मग प्याला. आमच्याकडे एकच मोठा प्याला हातोहात फिरतो. शेजाऱ्याने शेजाऱ्याला द्यायचा. आईने घोट घेतला, प्याला दोन्ही हातांत धरून मावशीकडे वळली. मावशीने हात पुढे केले. आईने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि प्याला कलंडला. सगळाच्या सगळा, पांढऱ्या चादरीवर.

आईने मुद्दाम केलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. पुढचंही शपथेवर सांगते. मेजावरच्या सगळ्या माणसांनी मान वळवली ती सांडणाऱ्या आईकडे नाही. सगळ्यांनी मावशीकडे बघितलं. हेडमास्तरांनी बघितलं, घड्याळवाल्यांनी बघितलं, सारखेवाल्यांनी आणि त्यांच्या पाळकांनीही बघितलं. एवढ्या महिन्यांत दोन्ही पक्षांचं पहिल्यांदा एकमत झालं.

मावशी उठली. "मीठ असेल ना मागे?" असं म्हणत ती लगबगीने मागच्या खोलीकडे गेली. "मावशी, बस खाली!" मी ओरडले, पण तेवढ्यात बाजाची पेटी सुरू झाली आणि लोक गायला लागले. पाळकांनी प्याला पुन्हा भरला, आणि रिकाम्या खुर्चीच्या पलीकडच्या माणसाच्या हातात दिला. मावशी वाडग्यात पाणी आणि मुठीत मीठ घेऊन परत आली तेव्हा प्याला मेजाच्या दुसऱ्या टोकाला पोचला होता. तो कुणी मागे बोलावला नाही. आई खाली बघत होती. मावशी वाकून डागावर मीठ चोळत राहिली, आणि तिच्या डोक्यावरून गाणं चालू होतं.

दुपारी हौदाशी मी तिला विचारलं, "का उठलीस?"

"डाग बसला असता."

"बसू द्यायचा होतास!"

"भाकर तर खाल्ली ना," ती म्हणाली. "अर्धं तारण झालं म्हण." आणि हसली. मग डागावर पुन्हा अंगठा घासत म्हणाली, "मला वाटलं होतं, ताई म्हणेल, तू बस, मी पुसते."

त्यानंतर ती लवकरच गेली. हॉस्पिटलच्या खाटेवरून ती नर्सला, चादरीला खळ जास्त झाली आहे म्हणून सांगत होती.

अंत्यविधीला सगळे आले. कपडे सगळ्यांचेच धुतले होते तिने. तरुण पाळक देवाच्या सारख्या प्रेमाबद्दल बोलले, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. मग रिवाजाप्रमाणे त्यांनी विचारलं, मृताच्या विश्वासाबद्दल कुणाला काही सांगायचं आहे का? कुणी हललं नाही. घड्याळवाले शेजाऱ्याला म्हणाले, अगदी मला ऐकू येईल असं, "साक्ष नव्हती ना तिची. काय सांगणार?"

आणि आई उठली. शवपेटीजवळ जाऊन उभी राहिली. "माझी बहीण सतरा वर्षांची होती," तिने सुरुवात केली. "दुपारची वेळ, वारा सुटलेला. ती दोरीवरच्या चादरी काढत होती." तिने सगळं सांगितलं. या वेळी त्यात आणखीही होतं, जे मी कधी ऐकलं नव्हतं: लाकडी चिमटा मावशीच्या दातांत होता, आणि मालकीणबाई आतून ओरडत होत्या, 'झोपलीस का काय तिथे?' आई नेहमीच्या जागी थांबली नाही. ती सरळ म्हणाली, "ही साक्ष तिची होती. मी ती घेतली. आजपर्यंत मी तुमच्यासमोर तिची साक्ष सांगत आले."

 चाळीस वर्षांनी का होईना, पत्र बरोबर नावावर आलं होतं. मी मागे वळून लोकांकडे बघितलं. सगळे रडत होते.

बाहेर पडताना ते आईभोवती जमले. "केवढं मोठं मन," हेडमास्तर तिचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले. "बहीण साक्षीवाचून जाऊ नये, म्हणून स्वतःची साक्ष देऊन टाकलीस!"

"नाही हो," आई म्हणाली. "खरंच तिची होती ती."

"हो, हो," ते म्हणाले आणि तिच्या हातावर थोपटलं.

"ऐका ना माझं, मी चोरली होती..."

"निवडलेलं माणूस असंच बोलतं बघा," घड्याळवाले गहिवरून सगळ्यांना सांगत होते. सारखेवाल्या बायकांनी आईला मिठ्या मारल्या. तरुण पाळक म्हणाले, की देवाचं प्रेम कसं असतं ते आज त्यांना कळलं. निवडवाले आणि सारखेवाले एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून फाटकाकडे निघाले. मंडळी पुन्हा एक झाली. लोक अजूनही सांगतात, ती त्या दिवशी एक झाली.

आई आणखी दोनतीनदा नाही म्हणाली, प्रत्येक वेळी आधीपेक्षा हळू. हेडमास्तरांनी विचारलं, "वार्षिक सभेत हे सांगशील ना? चादरीचं, आणि बहिणीचंही?"

आईने गर्दीतून माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. मग तिने डोळे मिटले आणि मान हलवली, हो म्हणून.